न बनलेल्या गाडीचे दार

मिस्त्रीने जन्मात एकदाच न बघता पैसे मोजले, आणि तेही अगदी न बघता नाही. एक दार त्याने नीट बघितले होते.

ते दार शोरूमच्या मधोमध एका लोखंडी चौकटीत बसवलेले होते. गाडी नव्हती. गाडी पुढच्या वर्षी बनायला लागणार होती. भिंतीवर तिची चित्रे, टेबलावर जाड पुठ्ठ्याची माहितीपुस्तिका, आणि हे एवढे दार. उघडा, लावा, हात फिरवून बघा. मिस्त्रीने उघडले, लावले. मग डोळे मिटून काचेखालून तळहात फिरवला. एक्केचाळीस वर्षे चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ केलेला माणूस डोळ्यांवर विसंबत नाही. डोळा रंगाला फसतो, तळहात फसत नाही. दार एका दाबात निघालेले होते. कुठे लाट नाही, कुठे ठोका नाही. बंद होताना आवाज असा, की कोणी जाडजूड पुस्तक मिटले.

"सगळी गाडी अशीच असणार?" त्याने विचारले.

"अशीच, काका," विक्रीला बसलेली मुलगी म्हणाली. "पण यादी भरत आलीय. आज ठेव भरली तर चौथा नंबर मिळेल."

तो ठेव भरून आला. कागदावर सही केली, कागद वाचला नाही. दुसऱ्या कोणी कागद वाचला असता आणि दाराकडे बघितले नसते. पत्र्यावर पोट भरलेला माणूस नेमकी याच्या उलट चूक करतो.

ठेवीचे पैसे वर्कशॉपची जागा विकून आलेले होते. जागा दोघांच्या नावावर होती, आणि ते रास्तही होते. पत्रा मिस्त्रीचा आणि पुट्टी बायकोची, अशी त्यांची कामाची वाटणी. तो ठोकून सरळ करी. हातोडीला न आवरणारे बारीक खळगे उरत, त्यांत ती पुट्टी भरी, आणि वाळली की पाण्याचा कागद, म्हणजे ओला घासकागद, घेऊन घासत बसे. बावीस वर्षे. तिच्या बोटांच्या टोकांवर रेषा उरल्या नाहीत. ओळखपत्र काढताना यंत्र तिचा अंगठा घेईना, तेव्हा ती तिथल्या माणसाला म्हणाली होती, "चार-पाचशे गाड्यांवर आहेत, तिथून घ्या."

ठेव भरून मिस्त्री घरी आला त्या दिवशी ती भांडी पुसत होती.

"गाडी कुठाय?"

"बनायचीय."

"मग बघितलं काय?"

"दार."

तिने हातातले भांडे खाली ठेवले. "दार?"

"एक नंबर दार आहे."

"बरं झालं. घरी आणा. आपण दोघं आलटून पालटून उघडू-लावू."

मिस्त्रीने चपला कोपऱ्यात सरळ लावल्या. मग म्हणाला, "आपल्याकडे आलेली एक गाडी सांग, जी मार न खाता आली."

तिने भांडे परत पुसायला घेतले.

"एकसुद्धा नाही. सगळ्या ठोकर खाऊन आल्या. मला एक अशी पाहिजे, जिला माझी गरज नाही."

"तशी मी होते," ती म्हणाली, "लग्नाआधी."

पण त्या दिवसानंतर तिने तो विषय उगाळला नाही. नाराजी होती, ती जागच्या जागी होती. जागेच्या पैशांतले निम्मे त्या ठेवीत गेले होते. दोघांनाही पेन्शन नाही, आणि पुढे कधी अंथरूण धरायची वेळ आली तर हातात उरलेले निम्मेच होते. हे तिला ठाऊक होते आणि त्यालाही ठाऊक होते. बोलून त्यात भर पडत नव्हती.

दीड वर्ष गेले. मिस्त्री दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शोरूमला जाई, दारावर हात फिरवी, "अजून?" म्हणे, आणि मुलगी "थोडंसंच राहिलंय, काका" म्हणे. थोडंसंच हा शब्द मिस्त्रीला आवडत नसे. त्याच्याकडे गिऱ्हाईक आले की तो वार सांगायचा, आणि त्या वारी गाडी द्यायचा. थोडंसंच म्हणजे काम हातात धरलेलेच नाही.

मग पत्र आले. उत्पादन सुरू झाले आहे. पहिली गाडी पाहण्यासाठी ठेवली आहे. यादीत नाव असलेल्यांनी तीस तारखेच्या आत दुसरा हप्ता भरावा, नाहीतर नंबर जाईल.

मिस्त्रीने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि एकटाच गेला.

गाडी फिरत्या चौथऱ्यावर होती. गडद निळी, भोवती जाड दोरी. दोरीच्या आत फक्त यादीतल्यांना सोडत. मुलीने दोरी उचलली, मिस्त्री आत वाकला, आणि पाच मिनिटे नुसता उभा राहिला. गाडी देखणी होती. मग त्याने डोळे मिटले आणि मागच्या दाराच्या वरून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या कडेवर तळहात ठेवला.

हात वीतभर सरकला आणि थांबला.

तो मागे आणला, परत सरकवला. पत्रा हाताला गार लागतो. शोरूममध्ये एसी होता, पत्रा चांगलाच गार होता. पण चाकाच्या वर, ताटाएवढ्या जागेत, तो तितका गार नव्हता. पुट्टी कधी पत्र्याइतकी गार लागत नाही. त्याने दुसरी बाजू बघितली. तिथेही तेच, फक्त जागा चार बोटे पुढे.

"ही कारखान्यातून आली?" त्याने विचारले.

"हो काका. पहिलीच. उत्पादन सुरू झालं ना."

"ठोकर लागली होती का वाटेत?"

"काहीतरीच काय! एक ओरखडासुद्धा नाही."

मिस्त्री बाहेर आला. हप्ता भरला नाही. नवीकोरी गाडी, ठोकर लागलेली नाही, आणि अंगात दोन्हीकडे पुट्टी. याचा अर्थ त्याला एकच लागत होता. हा पत्रा कारखान्याच्या साच्यातून निघालेला नाही. त्याच्यासारख्याच कोणीतरी तो हातोडीने घडवला आहे आणि बाकीचे भरून काढले आहे. साचेच तयार नसतील तर उत्पादन कसले सुरू होणार? दार तेवढे खरे होते. बहुधा साचा त्या दाराचाच झाला होता.

रविवारी लेक आली. ती एका लॅबमध्ये रक्त तपासते. बारीक अक्षर वाचायची तिला सवय आहे. तिने ठेवीचा कागद शेवटपर्यंत वाचला.

"बाबा, यात लिहिलंय, उत्पादन सुरू व्हायच्या आधी लेखी मागितली तर ठेव पूर्ण परत. सुरू झाल्यावर नाही. ही ओळ तुम्ही वाचली होती?"

"मी दार बघत होतो."

बायकोने छताकडे बघितले.

लेक म्हणाली, "म्हणजे त्यांच्या म्हणण्यानुसार उत्पादन सुरू झालंय. आता तुम्ही हप्ता भरा, नाहीतर नंबरही गेला आणि ठेवही गेली."

"आणि सुरू झालंच नसेल तर?"

"तर पैसे तुमचे. पण ते सिद्ध कोण करणार? एखादा वकील बघू या का?"

"वकील पत्र्याला हात लावणार आहे का?" मिस्त्री म्हणाला. मग बायकोकडे वळला. "उद्या चल माझ्याबरोबर. पत्र्याचं मी सांगू शकतो. पुट्टीचं तूच."

"दीड वर्षानं आठवण झाली," ती म्हणाली. पण सकाळी नऊलाच तयार होऊन बसली.

शोरूममध्ये तिने आधी पाणी मागितले. मुलीने काचेचा पेला आणून दिला. बायको एक घोट प्यायली, उरलेल्या पाण्यात तीन बोटे बुडवली, आणि दोरीच्या आत जाऊन ओल्या बोटांनी चाकावरची ती जागा हळूहळू चाचपली. मग नखाने टिचक्या मारत गेली. ठण, ठण, ठण, ठप. ठप. ठप. ठण.

"तीन थर आहेत," ती म्हणाली. "मधला नीट वाळू दिला नाही. कोणीतरी मागे उभं राहून घाई केली असणार. पण हात चांगला आहे हो. पाट्या टाकलेल्या नाहीत. कड बघा किती निगुतीनं उतरवलीय."

"आपल्याला किती दिवस लागले असते?"

"मला आठ. तुम्ही मध्ये मध्ये बोलला नसतात तर सहा."

यादीतला पाचवा नंबर त्याच वेळी आला होता. त्या दातांच्या डॉक्टर होत्या, पन्नाशीच्या, घाईतल्या. हप्त्याचा चेक लिहूनच आणला होता. दोरीबाहेर उभे राहून त्या टिचक्या ऐकत होत्या.

"परत वाजवा बघू," त्या म्हणाल्या.

बायकोने परत वाजवले. डॉक्टरीणबाईंनी मान तिरकी केली. "हे भरलेलं आहे. दिवसातून दहा वेळा ऐकते मी हा फरक."

"तुमचं तोंडात असतं, आमचं उघड्यावर," बायको म्हणाली.

मिस्त्रीला एवढ्यावर थांबायचे नव्हते. आवाज आणि गारवा ज्याचे त्याला कळतात, दुसऱ्याला दाखवता येत नाहीत. चुंबक पुट्टीला चिकटत नाही, पण तो लावला असता तर पत्राच चुंबक न धरणाऱ्या धातूचा आहे, असे शोरूमवाले म्हणाले असते. त्याने मुलीकडे माहितीपुस्तिका आणि कात्री मागितली.

"कात्री कशाला, काका?"

"फर्मा कापतो."

चेपलेली बाजू सरळ करताना डेंटर चांगल्या बाजूवर पुठ्ठा धरून तिच्या गोलाईचा फर्मा कापतो, आणि तोच उलटा करून चेपलेल्या बाजूला लावून बघतो. मिस्त्रीने पुस्तिकेचे जाड मलपृष्ठ फाडले. डाव्या चाकावर धरले, पेन्सिलने गोलाई ओढली, कापले, लावले, परत थोडे कापले. चौदा वेळा कापले. घाई केली नाही. शेवटी पुठ्ठा आणि गाडी यांच्यामधून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. मग तो उजवीकडे आला आणि फर्मा उलटा करून लावला.

मधोमध फट पडली. त्याने तीत पेन्सिल घातली. पेन्सिल आरपार गेली.

"साच्यातली गाडी असती तर दोन्ही बाजू एकसारख्या निघाल्या असत्या," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "हाताने केलं की पेन्सिलभर चुकतंच. माझंही चुकायचं."

एवढ्यात मॅनेजर आला. तरुण, टाय बांधलेला, तोंडभर हसू. फाडलेली पुस्तिका बघून हसू थोडे आटले.

"काका, हे काय चाललंय?"

"हिचं उत्पादन सुरू झालेलं नाही," मिस्त्री म्हणाला. "माझी ठेव परत द्या. अर्ज लिहून आणलाय."

लेकीने लिहून दिलेला अर्ज त्याने पुढे केला. मॅनेजरने हात मागेच ठेवले.

"अहो, समोर गाडी उभी आहे आणि तुम्ही म्हणता उत्पादन नाही?"

"उभी आहे. हाताने बनवलेली आहे."

"मग! लक्झरी गाडी आहे, काका. हातानेच बनवतात. त्याचेच तर पैसे असतात!"

"असं? मग तेवढं लिहून द्या. ही गाडी उत्पादनातली, हातानं ठोकलेली, तीन थर पुट्टीसकट, आणि आम्हाला अशीच मिळणार. खाली सही करा. मी आत्ता हप्ता भरतो."

मॅनेजरने डॉक्टरीणबाईंकडे बघितले. त्यांनी चेक पर्समध्ये परत ठेवला होता.

"मलाही एक प्रत द्या," त्या म्हणाल्या.

"अशा गोष्टी लिहून देत नाहीत, मॅडम. वरच्यांना विचारावं लागतं. साहेब बाहेरगावी आहेत. पुढच्या आठवड्यात—"

"पुढच्या आठवड्यात तीस तारीख उलटते," मिस्त्री म्हणाला. "अर्ज घ्या आणि पोच द्या."

पोच मिळवायला पाऊण तास लागला. डॉक्टरीणबाईंनी तिथेच उभ्या उभ्या स्वतःचाही अर्ज लिहिला आणि पोच घेऊनच दवाखान्यात गेल्या. त्या त्यांच्या वकिलामार्फत पुढचे बघणार होत्या. मिस्त्रीने दोन खुर्च्या ओढून गाडीसमोर मांडल्या.

"आता काय?" बायकोने विचारले.

"बसायचं."

"किती दिवस?"

"मिळेपर्यंत."

तिने पिशवीतून डबा काढून मांडीवर ठेवला. "मला वाटलंच होतं. चार पोळ्या जास्तीच्या घेतल्यात."

ते तीन दिवस बसले. सकाळी दहाला शोरूम उघडायच्या आधी दारात हजर, संध्याकाळी दिवे मालवल्यावर घरी. बसणे हेही कामच असते. ते अंगचोरपणा करून होत नाही. मिस्त्री पाठ टेकत नव्हता, डुलकी घेत नव्हता, आवाज चढवत नव्हता. कोणी गिऱ्हाईक जवळ येऊन "कशी आहे हो गाडी?" म्हणाले, तर विचारले तेवढेच सांगत होता.

"पुट्टीचं काम सुरेख आहे."

"पुट्टी? नव्या गाडीला?"

"माझ्या बायकोला विचारा. तिचा विषय आहे."

बायको मग थर, वाळवण, घासकागदाचे नंबर, सगळे सविस्तर सांगे. एकाही वाक्यात तिने गाडीची निंदा केली नाही. उलट ज्याने हे केले त्याचे तिला मनापासून कौतुक होते. एवढ्या मोठ्या अंगाला रंगात कुठे डाग उठू दिला नाही, ही साधी गोष्ट नव्हे. ऐकणारे मान डोलवत, आणि खिशाला हात न लावता निघून जात.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने दोघांना चहा पाठवला. त्यांनी घेतला. मग तो स्वतः आला आणि वाकून म्हणाला, "काका, तुमच्या वयाला हे शोभतं का?"

"चाळीस वर्षं मी पैसे आगाऊ घेऊन कामं केली," मिस्त्री म्हणाला. "ज्याची गाडी माझ्याच्यानं होणार नव्हती, त्याचे पैसे मी त्याच्या घरी नेऊन दिले. चालत. तुम्हाला तर चालायचंही नाही, मी समोरच बसलोय."

"बाहेर काढू शकतो मी तुम्हाला."

"काढा. यादीतल्यांना दोरीच्या आत यायला परवानगी आहे, हे तुमच्याच पत्रात आहे. पत्र मात्र मी वाचलंय."

मॅनेजर आत गेला. काचेआड तो फोनवर हातवारे करताना दिसत होता. मुलगी जाता जाता हळूच म्हणाली, "काका, मला खरंच माहीत नव्हतं हो. मला कागद देतात, मी तो म्हणते."

"तुझ्यावर राग नाही," बायको म्हणाली. "पण बोलण्याआधी हात लावून बघत जा."

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला मॅनेजर लिफाफा घेऊन बाहेर आला. कपाळावर आठी, हातात पेन. "झालं, काका. चेक आहे. इथे सही करा आणि कृपा करून घरी जा."

मिस्त्रीने लिफाफा उघडला. चष्मा लावला. चेक वाचला, मग परत वाचला, या वेळी बोट ठेवून.

"हे कमी आहेत."

"नोंदणी शुल्क वजा झालंय. किरकोळ आहे."

"कागदात पूर्ण परत लिहिलंय."

"अहो, एवढ्यासाठी? एवढ्यात काय होतं?"

"एवढ्यात मी दोन मडगार्ड सरळ करायचो. पूर्ण दिवस लागायचा. पाठ धरायची," मिस्त्री म्हणाला, आणि चेक लिफाफ्यात घालून लिफाफा त्याच्या हातात परत दिला. मग खुर्चीत बसला. बायकोही बसली. तिने डब्याचे झाकण उघडून आत काही उरले आहे का ते बघितले.

एक जोडपे नुकतेच आत येत होते. बाई गाडीकडे बघून "अय्या, किती छान!" म्हणाली आणि सरळ मिस्त्रीकडे वळली. "तुम्ही घेताय का ही?"

मॅनेजर लिफाफा घेऊन जवळजवळ धावतच आत गेला.

दुसरा चेक यायला पस्तीस मिनिटे लागली. मिस्त्रीने तो पहिल्यासारखाच दोनदा वाचला, बायकोने एकदा. रक्कम पूर्ण होती. सही केली, पावती घेतली, खुर्च्या होत्या तिथे नेऊन ठेवल्या.

दाराशी मुलगी म्हणाली, "काका, चौथा नंबर गेला तुमचा. पुढे खरंच बनायला लागली तर यादीत शेवटून यावं लागेल."

"बनू दे आधी. शेवटचा तर शेवटचा. तेव्हा येईन, सगळ्या अंगावरून हात फिरवीन, मग काय ते बोलू."

बायकोने त्याची बाही ओढली. "तेव्हाचं तेव्हा. बँक चारला बंद होते."

चौक ओलांडून बँक होती. ती पुढे, तो मागे. तीन दिवस ताठ बसून त्याचे गुडघे आखडले होते, पण तिने वेग कमी केला नाही आणि त्यानेही थांब म्हटले नाही. ते पोचले तेव्हा शटर अर्धे खाली आले होते. मिस्त्रीने हात घालून ते तिथेच धरले.

"वेळ संपली," आतून पहारेकरी म्हणाला.

"दोन मिनिटं आहेत," बायको म्हणाली, आणि वाकून आत गेली.